पिस्तूल समोर नसताना होल्स्टर घडवायचं कसं?

जोडा शिवणारा कारागीर गिऱ्हाइकाचा पाय दुकानात ठेवून घेत नाही. माप घेतो, त्या मापाचा फर्मा निवडतो, फर्म्यावर कातडं ताणतो. पाय तोवर केव्हाच घरी गेलेला असतो. पिस्तुलाचं होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं त्याचं कातडी म्यान, हेही असंच घडतं. तरीही पिस्तूल न बघता त्याच्या अंगासरशी बसणारं होल्स्टर शिवलं, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते पटत नाही. कातड्यावर तर स्लाइडची (नळीवरच्या सरकत्या भागाची) कड, ट्रिगर गार्डचा (चापाभोवतीच्या कड्याचा) बाक, सगळं उठून दिसतंय. मग शस्त्र तिथे नव्हतं कसं?

नसण्याची कारणं साधी आहेत. पिस्तुलांची मॉडेलं शेकड्यांनी आहेत, सगळी विकत घेणं कुणालाच परवडत नाही. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय शस्त्र जवळ बाळगता येत नाही, आणि कातड्याचं काम करणाऱ्याकडे परवाना असेलच असं नाही. ज्याच्याकडे शस्त्र आहे तो ते पंधरा दिवस परक्याच्या हवाली करणार नाही, आणि करूही नये. त्यामुळे या कामात शस्त्राची गैरहजेरी हाच नियम आहे. आणि खरं सांगायचं तर ते समोर असतं तरी मी ओल्या कातड्यात घातलं नसतं. त्याचं कारण कातड्यातच दडलंय, म्हणून आधी कातड्याकडे वळू.

कातडं आकार का धरतं

सगळं कातडं आकार धरत नाही. कातडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकात झाडांच्या सालीतलं टॅनिन वापरतात, त्याला धंद्यात ‘व्हेज टॅन’ म्हणतात. दुसऱ्यात क्रोमियमचे क्षार वापरतात, ते ‘क्रोम’. जॅकेट, मऊ पर्स, सोफा यांचं कातडं बहुधा क्रोमचं असतं. ते भिजवा, दाबा, वाळवा, वाळल्यावर पुन्हा लुळं ते लुळंच. होल्स्टरला व्हेज टॅनच लागतं. दोन्ही हातात घेतली की फरक लगेच कळतो. व्हेज टॅनचा कोरा तुकडा पुठ्ठ्यासारखा खडखडीत असतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो आत मुरून काळपट डाग पडतो.

कातडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचं गुंतवळ. कोरडं असताना हे तंतू एकमेकांना धरून बसलेले असतात. पाणी शिरलं की पकड सैल होते आणि दाब दिला तसे ते एकमेकांवरून सरकतात. मग पाणी निघून जाताना तंतू पुन्हा जवळ येतात, पण आता जिथे सरकलेत तिथेच एकमेकांना धरतात. वाळताना थोडी ऊब मिळाली तर कातडं आणखी कडक होतं. मध्ययुगीन युरोपात याच गुणावर कातड्याची चिलखतं बनत. त्या तंत्राला फ्रेंचमध्ये ‘क्युर बुई’ म्हणतात.

ऊब मात्र बेतानंच. ओलं व्हेज टॅन साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसायला लागतं, आणि एकदा आकसलं की ठिसूळ होतं. ते परत सरळ होत नाही. म्हणून वाळवताना 45 ते 50 अंशांच्या वर जायचं नाही. भट्टीच्या काट्यावर विसंबू नये. काटा 50 दाखवतो तेव्हा आतली तार त्याहून कितीतरी तापलेली असते. घाईच्या दिवशी मी एक जवळजवळ पूर्ण झालेलं होल्स्टर असंच पापडासारखं वळवून ठेवलं होतं.

जाडीचा हिशेब अजूनही औंसात चालतो. एक औंस म्हणजे एका इंचाचा 64 वा भाग, साधारण 0.4 मिलिमीटर. पट्ट्यावर बाहेर लावायच्या होल्स्टरला 7 ते 9 औंसाचं कातडं घेतात, म्हणजे 2.8 ते 3.6 मिलिमीटर. ही जाडी लक्षात ठेवा, पुढे बेरजेत लागणार आहे.

आता ते राहिलेलं कारण. टॅनिन आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. शतकानुशतकं युरोपात लिहायची शाई याच रसायनातून बनत होती. ओल्या व्हेज टॅनमध्ये पोलादी पिस्तूल दाबून ठेवलं तर कातड्याला आतून शाईचे डाग पडतात आणि पिस्तुलाला गंज चढायला सुरुवात होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं तर धोका कमी होतो, पण अणकुचीदार माशीनं (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या उंचवट्यानं) पिशवी फाटायला वेळ लागत नाही. शिवाय दाबयंत्राखाली खऱ्या शस्त्राचे सुटे भाग दुखावू शकतात. तेव्हा ज्यांच्याकडे खरं पिस्तूल आहे असे जाणते कारागीरसुद्धा साच्यासाठी बाहुलंच, म्हणजे पिस्तुलाची नक्कलच, वापरतात.

पकड नेमकी कुठे असते

फर्मा कसा हवा हे ठरवण्याआधी हे ठरवावं लागतं की होल्स्टर पिस्तुलाला धरतं कुठे. नवखा माणूस सगळीकडे ठसा उमटवायला बघतो. स्लाइडवरच्या खाचा, कंपनीचं नाव, स्क्रूचं डोकं, सगळं कातड्यावर दिसलं पाहिजे असा त्याचा हट्ट. दिसायला झकास, पण पकडीशी याचा संबंध फारसा नाही.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात दोन जागा महत्त्वाच्या. पहिली ट्रिगर गार्ड. त्याच्या पुढच्या बाकात कातडं किंचित आत दबलं की पिस्तूल तिथे अडतं. दुसरी जागा म्हणजे स्लाइडच्या बाजूची ती खिडकी, जिथून रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. तिच्या कडेवर कातड्याची हलकी घडी बसली की बाहेर काढताना एक ‘टक्’ जाणवतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हेच काम गोल सिलिंडरच्या पुढची आणि मागची उतरण करते, कारण सिलिंडर हा त्याच्या अंगाचा सर्वांत जाड भाग. बेरेटा 92 सारख्या पिस्तुलाची स्लाइड वरून उघडी असते, नळीच दिसते. तिथे खिडकीची नेहमीची कड मिळतच नाही आणि सगळा भार ट्रिगर गार्डवर येतो. म्हणजे फर्म्यात ट्रिगर गार्ड चुकला तर होल्स्टर वाया, आणि मुठीवरची नक्षी चुकली तर कुणाला पत्ताही लागत नाही. मूठ होल्स्टरच्या बाहेरच असते. मूठ अर्धवट घडवलेल्या फर्म्यावर मी उत्तम होल्स्टरं पाहिलीत.

जुन्या लष्करी होल्स्टरांत तर हा ठसा नव्हताच. अमेरिकी सैन्याचं एम 1916 हे झाकणवालं होल्स्टर पाहा. एम 1911 पिस्तूल त्यात सैलसर बसायचं आणि झाकण ते आत राखायचं. उठाव काढून घट्ट बसवलेलं, झाकण नसलेलं होल्स्टर ही त्या मानानं अलीकडची आवड. ब्रूस नेल्सन यांनी आखलेलं आणि मिल्ट स्पार्क्स यांच्या नावानं चालणाऱ्या कारखान्यानं बनवलेलं ‘समर स्पेशल’ हे कमरेच्या आत घालायचं होल्स्टर या मंडळींत अजून दाखल्यासारखं सांगतात. त्याच्या तोंडाला आतून धातूची पट्टी असते, म्हणून पिस्तूल काढल्यावरही तोंड मिटत नाही.

तोंड मिटणं हा दिसण्यापुरता प्रश्न नाही. जुनं, मऊ पडलेलं कातडं तोंडाशी दुमडतं. पिस्तूल परत घालताना ती घडी ट्रिगर गार्डच्या आत शिरते आणि चाप दाबते. अशानं गोळ्या सुटल्या आहेत. म्हणून फर्मा कसलाही असो, दोन गोष्टींत सवलत नाही: चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि तोंड कडक राहिलं पाहिजे.

बाहुली, भावंडं आणि लाकूड

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे तयार डमी. अमेरिकेत रिंग्ज मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी निळ्या पॉलियुरेथेनची भरीव पिस्तुलं ओतते, त्यांना ‘ब्लू गन’ म्हणतात. एएसपी या कंपनीची अशीच लाल रंगाची येतात. मुळात ही पोलिसांच्या सरावासाठी आहेत. रंग भडक अशासाठी की समोरच्याला क्षणात कळावं, हे खरं नव्हे. कातडेवाल्यांनी ती फर्मा म्हणून उचलली. ओलं कातडं त्यांना काही करत नाही, आणि घन असल्यानं दाबयंत्रातही टिकतात.

पण डमी म्हणजे पिस्तूल नव्हे हे विसरायचं नाही. ओतीव वस्तू साच्यात थिजताना किंचित आकसते. समजा एक टक्का आकसली, तर 186 मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये जवळजवळ दोन मिलिमीटर गेले. जाडीत मात्र पाव मिलिमीटरच जातो. म्हणजे जाडी जवळपास बरोबर आणि ट्रिगर गार्डची जागा थोडी सरकलेली, असं विचित्र होऊन बसतं. शिवाय डमी एखाद्या जुन्या पिढीच्या पिस्तुलावरून ओतलेली असू शकते. त्यानंतर कंपनीनं मॅगझिन सोडायचं बटण मोठं केलं असेल, माशी उंच केली असेल. 1911 घराण्यात तर घोडा पाडलेला की ताणलेला हेही बघावं लागतं. मालक घोडा ताणून, सुरक्षेचा खटका लावून बाळगत असेल आणि तुमच्या डमीचा घोडा पडलेला असेल, तर त्यावरून जाणारा पट्टा भलत्याच लांबीचा होतो.

म्हणून डमी आली की आधी व्हर्नियर कॅलिपर काढायचा. कंपनीनं जाहीर केलेली मापं किंवा मालकानं मोजून पाठवलेली मापं एका बाजूला, डमीची दुसऱ्या बाजूला. कमी भरलं तिथे कागदी चिकटपट्टीचे थर द्यायचे. तुमच्याकडची चिकटपट्टी किती जाड आहे ते दहा थर एकावर एक चिकटवून मोजा आणि दहानं भागा. हा हिशेब एकदाच करावा लागतो.

डमी मिळाली नाही तर भावंडं शोधायची. पिस्तुलंही घराण्यानं जन्मतात. ग्लॉक 17, 19 आणि 26 या तिघांची स्लाइड 25.5 मिलिमीटर रुंद आहे, फरक मुख्यतः लांबीत आणि मुठीत. त्यामुळे 17 च्या फर्म्यावर 19 चं होल्स्टर करता येतं, खालचं टोक तेवढं वर कापायचं. पण 21 हे मोठ्या काडतुसाचं पिस्तूल, त्याची स्लाइड सुमारे 28.5 मिलिमीटर. नाव ग्लॉकच, तरी फर्मा चालणार नाही. 1911 च्या घराण्यात पाच इंची गव्हर्न्मेंट, सव्वाचार इंची कमांडर आणि साडेतीन इंची ऑफिसर्स यांची स्लाइड साधारण 23 मिलिमीटरच जाड. इथेही लांब फर्मा धाकट्याला चालतो. नळीखाली दिवा लावायची खाचेरी पट्टी असलेलं मॉडेल आलं की मात्र हे नातं संपलं, कारण खालचा भागच रुंद होतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये नातं चौकटीवरून ठरतं. स्मिथ अँड वेसनच्या जे, के, एल आणि एन अशा चौकटी आहेत आणि त्यांच्या सिलिंडरांचा व्यास चढत्या क्रमानं साधारण 33, 37, 40 आणि 43 मिलिमीटर. के चौकटीचं कुठलंही मॉडेल दुसऱ्या के च्या फर्म्यावर केलेल्या होल्स्टरात बसायची शक्यता चांगली, फक्त नळीची लांबी आणि नळीखालचा जाड भाग तपासावा. नावावर मात्र जाऊ नका. रुगरचं 1993 मधलं व्हकेरो अंगानं कोल्टच्या 1873 च्या सिंगल ॲक्शन आर्मीहून भरलेलं होतं. 2005 मध्ये आलेलं न्यू व्हकेरो जवळजवळ कोल्टच्या मापाचं. दोन्हींना लोक ‘व्हकेरो’ म्हणतात. गिऱ्हाइकानं नुसतं तेवढं नाव कळवलं तर परत विचारा.

थ्रीडी प्रिंटर असलेल्यांची वेगळी चैन आहे. भरीव, एकसंध, हालचालीचा एकही भाग नसलेली प्रतिकृती छापायची आणि तिच्यावर कातडं बसवायचं. इथे सगळ्यांची फसगत होते ती एकाच ठिकाणी: पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक साधारण 55 ते 60 अंशांना मऊ पडतं. फर्मा आत असतानाच हेअर ड्रायर लावला तर त्याचा झोत त्याहून सहज गरम असतो. पिस्तुलाची नळी केळ्यासारखी वाकते आणि कातडं इमानदारीनं त्या केळ्याचा आकार घेतं. पीईटीजी किंवा एबीएस हे प्लास्टिक घ्यावं, भिंती जाड ठेवाव्यात, आणि छपाईच्या आडव्या रेघा पॉलिश पेपरनं घासून काढाव्यात. ओलं कातडं त्या रेघाही टिपतं.

लाकूड मला अजून आवडतं. तीन फळ्यांची चळत करायची: मधली ट्रिगर गार्डच्या जाडीची, बाजूच्या दोन मिळून स्लाइडची रुंदी भरून काढणाऱ्या. बाहेरची रेषा करवतीनं कापायची, कडा कानशीनं मोडायच्या, वरून वॉर्निशचे दोन हात. वॉर्निश नसेल तर लाकूड पाणी पितं, फुगतं आणि मग होल्स्टरमधून निघता निघत नाही. ट्रिगर गार्डचं भोक आरपार पाडायचंच नाही. दोन्ही बाजूंनी दोनेक मिलिमीटरची खळगी पुरे. आरपार भोक असलं की अंगठा नकळत कातड्याला आत ढकलतो, आणि चापाच्या जागेत कातडं हीच तर आपल्याला नको असलेली गोष्ट. तयार डमीचं भोक उघडं असेल तर त्यातही लाकडाचा किंवा मातीचा बोळा बसवावा.

एअरसॉफ्टची खेळण्यातली पिस्तुलंही लोक वापरतात. काहींची मापं खऱ्याच्या अगदी जवळ असतात, काहींची नसतात. कॅलिपर लावल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

आणि कायदा बघावा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली शस्त्रांवरही काही देशांत बंधनं आहेत. ब्रिटनमध्ये 2006 च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनं ती घातली. तिथे भडक रंगाची नक्कल आणि खऱ्यासारखी काळी नक्कल यांत कायदा फरक करतो. लाकडी फर्मा काळा रंगवायची हौस येते, ती आवरा. कातड्याला रंगाशी देणंघेणं नाही.

गिऱ्हाइकाकडून माप मागवताना

मालक दूर आहे, पिस्तूल त्याच्याकडे आहे, आणि तो मदत करायला तयार आहे. मग त्याला सांगायचं काय? सर्वांत आधी हे: मॅगझिन काढा, नळीचं घर उघडून डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच टेबलावर घ्या. हे प्रत्येक वेळी लिहून पाठवायचं, तो कितीही जुना नेमबाज असो.

लोक आपण होऊन कागदावर पिस्तूल ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात आणि तो कागद पाठवतात. ही रेघ जवळजवळ नेहमी चुकीची असते. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड आणि शिसं तिच्या मधोमध. म्हणजे उभी धरली तरी रेघ शस्त्रापासून साडेतीन मिलिमीटर बाहेर पडते. दोन्ही बाजूंनी मिळून पिस्तूल सात मिलिमीटर फुगलं. तिरकी धरली तर रेघ कुठे आत, कुठे बाहेर. त्यापेक्षा बॉलपेनातली नुसती बारीक कांडी काढून ती उभी फिरवायला सांगावी, आणि कागदावर पट्टीनं मोजून 100 मिलिमीटरची एक रेघ मारायला सांगावी. कागदाचा फोटो काढून पाठवला किंवा प्रत छापली तर त्या रेघेवरून प्रमाण कळतं.

थेट पिस्तुलाचा फोटो आणखी फसवा. समजा 25 मिलिमीटर जाडीचं पिस्तूल आडवं आहे आणि कॅमेरा अर्ध्या मीटरवर. कॅमेऱ्याकडची बाजू 475 मिलिमीटरवर, टेबलाला टेकलेली 500 वर. जवळची बाजू लांबच्या बाजूपेक्षा पाच टक्के मोठी दिसणार. हाच फोटो तीन मीटरवरून झूम करून काढला तर फरक एका टक्क्याच्याही आत येतो. म्हणून गिऱ्हाइकाला एकच विनंती: लांब जा.

मग मापं. स्लाइडची रुंदी, ट्रिगर गार्डची जाडी, नळीच्या टोकापासून ट्रिगर गार्डच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, माशीची उंची, आणि बाजूला बाहेर आलेल्या प्रत्येक बटणाची जागा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरचा व्यास. सहा-सात आकडे. माझ्या मते एवढ्या आकड्यांवर नव्वद टक्के काम निभावतं, उरलेलं हातानं.

या आकड्यांचं होतं काय, ते सांगतो. टेबलावर एक जाड पुस्तक ठेवा, वरून कापड टाका आणि कापड पुस्तकाच्या कडेला खाली दाबा. पुस्तकाच्या रुंदीपेक्षा जास्त कापड लागलं ना? कडेनं खाली उतरायला लागलं. होल्स्टरमध्ये दोन कातडी पाळी आहेत, एक वरून आणि एक खालून, त्या मधोमध भेटतात. म्हणजे प्रत्येक पाळीला पिस्तुलाच्या निम्म्या जाडीइतकं खाली उतरावं लागतं. शिवाय कातडं वळताना स्वतःची जाडीही खातं. म्हणून शिवणीची रेघ पिस्तुलाच्या बाह्यरेषेपासून किती दूर, याचा ठोकताळा असा: पिस्तुलाची निम्मी जाडी अधिक कातड्याची एक जाडी. 25.5 मिलिमीटरच्या स्लाइडला निम्मे 12.75, त्यात कातड्याचे 3, झाले पावणेसोळा. 23 मिलिमीटरच्या 1911 ला साडेचौदा.

हा आकडा स्लाइडजवळ. ट्रिगर गार्ड पातळ असतो, तिथे त्याची स्वतःची निम्मी जाडी घ्यायची आणि शिवण जवळ आणायची. सगळीकडे एकच अंतर ठेवलं की होल्स्टर स्लाइडला घट्ट आणि गार्डला ढगळ होतं, मग पिस्तूल आत डुलतं. कातडं कापण्याआधी जाड कार्डशीटचं होल्स्टर करून, कडेला चिमटे लावून फर्मा घालून बघावा. कार्डशीट फुकट गेली तर दुःख नाही.

ओल्या कातड्याशी झटापट

शिवून झालं, आता भिजवायचं. कोमट पाण्यात दहा-वीस सेकंद, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पाणी टपकत असताना उठाव येत नाही, कातडं नुसतं ओल्या पावासारखं होतं. बाहेर काढून थोडा वेळ ठेवायचं. पृष्ठभागावरची चमक गेली आणि मूळ रंग परतू लागला की हात घालायचा.

त्याआधी फर्म्यावर थोडी तयारी असते, आणि मला वाटतं खरं डोकं इथेच लागतं. पिस्तूल आत जाताना आणि बाहेर येताना माशी सबंध लांबीभर कातड्याला घासत जाते. तिला वाट हवी. म्हणून माशीपासून मागपर्यंत स्लाइडच्या माथ्यावर एक लाकडी पट्टी चिकटवायची, माशीहून किंचित रुंद आणि उंच. मॅगझिन सोडायचं बटण कातड्याखाली येत असेल तर त्यावर छोटा उंचवटा बसवायचा, म्हणजे तिथे पोकळी राहील. नाहीतर चालताना कातडं बटण दाबतं आणि ऐन वेळी हातात येतं ते मॅगझिन सुटलेलं पिस्तूल. बाजूचे खटके मागच्या अंगाला असतात, त्यांच्यापासून तोंडापर्यंत तशीच वाट. काडतुसाची खिडकी खोल असेल तर मातीनं थोडी बुजवायची, नाहीतर पकड इतकी होते की दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

खऱ्या पिस्तुलापेक्षा फर्मा चांगला, असं मी म्हणतो ते यासाठीही. पिस्तूल आहे तसं असतं. फर्म्याला मात्र होल्स्टरच्या सोयीनं वाढवता, बुजवता, खरवडता येतं.

आता दाबणं. आधी तळहात आणि अंगठे, मोठे आकार. मग हाडाची किंवा लाकडाची गुळगुळीत पट्टी घेऊन कडा. नखं कापलेली हवीत. ओल्या कातड्यावर नखाचा ओरखडा जन्मभर राहतो. काही जण दाबयंत्र वापरतात, दोन पोलादी पाट्यांमध्ये रबराची जाड गादी, मध्ये होल्स्टर. एकसारखा उठाव मिनिटात येतो, पण सगळे कोपरे सारखेच उठतात, हवे तेही आणि नको तेही. मी यंत्रानंतर हातानं फिरतोच.

मग फर्मा हळूच बाहेर. आत ठेवून वाळवलं तर आतली बाजू ओलीच राहते. काढताना तोंड फाकलं असेल तर पुन्हा नीट करायचं. पंख्याखाली किंवा कोमट हवेत ठेवायचं, आणि रंग निम्मा उजळला की पुन्हा एकदा हाडाची पट्टी फिरवायची. ही दुसरी फेरी लोक टाळतात. कडा धारदार दिसतात त्या या फेरीमुळे. पूर्ण वाळायला एक दिवस द्यावा. तेल दिलं तर अगदी हलका हात. तेल पाजलेलं कातडं मऊ पडतं आणि एवढ्या खटाटोपानं आणलेला कडकपणा गेला.

न पाहिलेल्या पिस्तुलाची परीक्षा

होल्स्टर उलटं धरून हलवलं, डमी पडली नाही, म्हणजे पकड बरोबर? नाही. पोलादी 1911 रिकामं असताना 1.1 किलोच्या घरात असतं. प्लास्टिकची किंवा लाकडाची नक्कल त्याहून हलकी असू शकते. ती आत राहिली याचा अर्थ खरं राहीलच असा नाही. फर्म्याच्या मुठीला वजन बांधून खऱ्याच्या जवळ आणावं आणि मग उलटं धरावं.

घट्ट चुकावं की सैल, हा जुना वाद आहे. मी घट्ट चुकतो. घट्ट होल्स्टर मालकाला घरी सैलावता येतं: रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घालायचं, थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, रात्रभर ठेवायचं. सैल झालेलं मात्र माझ्याकडे परत यावं लागतं, आणि मग जुन्या शिवणीच्या आत दुसरी ओळ घालावी लागते. ती दिसते. गिऱ्हाइकाला ती डिझाइन वाटावी अशी प्रार्थना करायची.

होल्स्टरबरोबर मी एक कागद पाठवतो. पहिल्यांदा घालताना शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. आत गेल्यावर चाप पूर्ण झाकलाय का, बाहेरून दाबलं तर कातडं चापाकडे जातंय का, मॅगझिन सुटतंय का, खटका आपोआप सरकतोय का, ते बघा. यातलं एकही झालं तर वापरू नका, परत पाठवा. उत्तर आलं की ते त्याच फर्म्याच्या मुठीवर पेन्सिलनं लिहून ठेवतो: ‘माशीची वाट एक मिलिमीटर वाढव’, ‘गार्डला दोन थर कमी’. एका लाकडी फर्म्यावर अशा अकरा ओळी झाल्या आहेत. मूठ संपली, आता नळीवर लिहायला सुरुवात केलीय.